सासूबाईंसाठी ई-रीडर घ्यावा का? मराठी पुस्तकांबाबत मदत हवी आहे

बडोदेकरीण

नमस्कार मंडळी. घरात मतं फाटली आहेत आणि निर्णय लवकर घ्यायचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून वासणा रोडला फ्लॅटमध्ये राहायला जातोय. सासऱ्यांनी हौसेनं जमवलेल्या पुस्तकांची कपाटं आहेत, त्यातलं एक, फार तर दीड कपाट नव्या घरात मावेल. पण जागेची अडचण कशीही निभावता येईल. खरी काळजी सासूबाईंच्या डोळ्यांची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, पण आता मॅक्युलाची, म्हणजे दृष्टिपटलाच्या मधल्या भागाची, झीज सुरू झाली आहे. एका डोळ्याला मधलाच भाग पुसट दिसतो. जुन्या कादंबऱ्यांचा टाइप बारीक, कागद पिवळा पडलेला. भिंग घेऊन बसतात आणि अर्ध्या पानावर थांबतात. मनगटं दुखतात, त्यामुळे जाड पुस्तक मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवावं लागतं. दुपारी सगळे झोपले की पुस्तक उघडायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. आता त्या वेळेला टीव्हीवरच्या मालिका नुसत्या ऐकत बसतात. मला ते बघवत नाही.

नवरा म्हणतो, ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं पाटीसारखं यंत्र, घे, अक्षर हवं तेवढं मोठं कर आणि पुस्तकं कुठेतरी देऊन टाक. नणंद मुंबईहून फोनवर सांगते की बाबांचं एकही पुस्तक घराबाहेर जाता कामा नये. सासूबाई "तुम्हाला सोयीचं ते करा" एवढंच म्हणतात. त्यांच्या या वाक्याचा अर्थ मला इतक्या वर्षांत कळतो.

इथल्या परिस्थितीबद्दलही सांगायला हवं. बडोद्यात मराठी माणसं पुष्कळ, पण नवं मराठी पुस्तक हवं तर बहुतेक वेळा पुण्या-मुंबईहून मागवायचं, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं. पातळ पुस्तकाला टपालखर्चच जड होतो. मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहे आणि तिचा मला मनापासून अभिमान आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या जात. वाचणाऱ्यापर्यंत पुस्तक पोचलंच पाहिजे असा त्यामागचा विचार. लायब्ररीतल्या मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन केलीय, उजेड वरून खालपर्यंत यावा म्हणून. सासूबाई पूर्वी तिथे नेमानं जायच्या. आता मांडवीची गर्दी आणि जिने त्यांना झेपत नाहीत, आणि पुस्तक घरी आणून दिलं तरी टाइप बारीकच.

तेव्हा उपकरण घ्यावं असं मला वाटतंय. पण काही शंका आहेत. मोठ्या अक्षरात जोडाक्षरं नीट दिसतात का? एका नातेवाइकांच्या फोनवर मराठी ई-पुस्तक पाहिलं, त्यात रफार भलत्याच अक्षरावर होता आणि "वाऱ्यावर" मधला ऱ्य फुटला होता. असं वाचायला लागलं तर सासूबाई दुसऱ्या दिवशी हातही लावणार नाहीत. दुसरं, इंटरनेटवर जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ खूप आहेत, त्या या यंत्रावर वाचता येतात का? तिसरं, विकत घेतलेली ई-पुस्तकं खरोखर आपली असतात का? उद्या ती मुलाकडे जातील का?

मुलाचं मुद्दाम लिहिते. तो इंग्रजी माध्यमात पाचवीत आहे. शाळेत गुजराती शिकतो, ती शिकायलाच हवी. मराठी मात्र त्याला घराबाहेर कुठेच भेटत नाही. हिंदीमुळे देवनागरी येते, एवढाच आधार. गेल्या उन्हाळ्यात हॉलमधल्या कपाटातून त्यानं आपण होऊन एक चित्रांचं मुखपृष्ठ असलेलं पुस्तक ओढून काढलं आणि जमिनीवर पालथा पडून वाचलं. कुणी सांगितलं नव्हतं. हीच पुस्तकं आजीच्या खात्यात, एका काळ्या पाटीच्या आत गेली तर त्याच्या नजरेला काय पडणार? आजीला वाचता यावं आणि नातवालाही दिसत राहावं, दोन्ही हवंय मला. वापरणाऱ्यांनी अनुभव सांगावेत.

पानकिडा

ताई, अक्षरांच्या शंकेपासून सुरू करतो, कारण माझं कामच मुद्रणपूर्व मांडणीचं आहे.

यंत्राचा दोष क्वचित असतो, फाइलचा असतो. मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये जुळवली गेली. त्या फाइली युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, नव्हेत. ई-पुस्तक करताना त्या कन्व्हर्टरमधून काढतात आणि कुणी ओळ न् ओळ तपासली नाही तर रफार, ऱ्य, ऱ्ह, र्‍हस्व-दीर्घ सगळं हलतं. म्हणूनच जुनी गाजलेली पुस्तकंसुद्धा ई-रूपात यायला वेळ लागतो. नीट तपासलेलं पुस्तक मात्र किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरवर, सुरेख दिसतं. अ‍ॅमेझॉननं डिसेंबर 2016 मध्ये हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळमबरोबर मराठी पुस्तकंही किंडलवर आणली, तेव्हापासून चांगला साठा झालाय.

उपाय सोपा आहे. यंत्र घेण्याआधी फोनवर किंडलचं अ‍ॅप फुकट उतरवून घ्या. सासूबाईंना आवडणाऱ्या लेखकांची, त्यांना परत वाचायची आहेत त्या पुस्तकांची यादी त्यांच्याकडूनच करून घ्या. ती तिथे आहेत का बघा आणि प्रत्येकाचा नमुना उतरवा. पहिल्या दहा पानांत फाइलची लायकी कळते. यादीतली निम्मी पुस्तकंसुद्धा मिळाली नाहीत तर यंत्र घेऊन काय करणार?

सांजवात

पीडीएफचं मी सांगते. माझ्याकडे सहा इंची किंडल आहे आणि स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी त्याचा उपयोग नाही. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. अक्षर मोठं केलं की पान स्क्रीनबाहेर जातं, मग प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचायची. तरुण माणूस कंटाळतो. ईपब हा ई-पुस्तकाचा फाइल-प्रकार असेल तर ओळी आपोआप नव्यानं जुळतात, अक्षर पाहिजे तेवढं वाढवा. ईपब फाइल अ‍ॅमेझॉनच्या "सेंड टू किंडल" या सोयीनं यंत्रावर पाठवता येते.

बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेली ई-पुस्तकं त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात, किंडलवर नाही, हे लक्षात ठेवा. तिथली पुस्तकं हवी असतील तर टॅब लागेल, नाहीतर बूक्ससारखा अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक (कागदासारख्या पडद्याचा) रीडर. त्याला पैसे जास्त पडतात.

ग्वाल्हेरचा_काका

सूनबाई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. पुस्तकं देऊ नका. कपाटं छताला लावा, पण देऊ नका.

बडोदेकरीण

काका, नमस्कार पोचवते. पानकिडा, यादीची कल्पना फार आवडली. काल रात्री त्यांच्याजवळ वही घेऊन बसले. सुरुवातीला "मला काय हवंय आता" म्हणाल्या, मग एकामागून एक नावं सांगत गेल्या. माहेरच्या वाचनालयातलं एक पुस्तक त्यांना फक्त मुखपृष्ठावरून आठवत होतं. त्यांना हे वाचन किती हवं आहे, हे काल मला दिसलं.

दृष्टी_आणि_आपण

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे दृष्टी तपासणारी. डोळे तपासल्याशिवाय सल्ला देणं बरोबर नाही, म्हणून सर्वसाधारण गोष्टीच सांगते.

ई-इंकच्या पडद्यात बारीक कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण असतात. विद्युतभारानं ते वरखाली होतात आणि अक्षर उमटतं. पान उलटेपर्यंत ते तसंच राहतं, त्याला वीज लागत नाही, म्हणून चार्जिंग खूप दिवस टिकतं. तो पडदा डोळ्यांवर उजेड फेकत नाही, बाहेरच्या उजेडात कागदासारखा वाचता येतो, म्हणून बहुतेकांना सुखाचा वाटतो. पण मॅक्युलाच्या त्रासात नुसतं मोठं अक्षर पुरत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात ठळक फरक लागतो. ई-इंकची पार्श्वभूमी चांगल्या कागदाइतकी पांढरी नसते, किंचित राखाडी असते. यंत्रातलाच समोरून पडणारा दिवा लावला की फरक सुधारतो. काही रुग्णांना उलट टॅबचा लख्ख पडदा बरा पडतो, काहींना काळ्यावर पांढरी अक्षरं. हे माणसागणिक वेगळं असतं.

तेव्हा अंदाजानं महागडं यंत्र घेऊ नका. कुणाचं तरी ई-इंकचं उपकरण आणि कुणाचा तरी मोठा टॅब दोन दिवस घरी आणा. सासूबाईंना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, दुपारच्या उजेडात, तेच पुस्तक दोन्हीवर वाचू द्या. तुमच्या डॉक्टरांकडे लो व्हिजनची, म्हणजे दृष्टी अधू झालेल्यांना मदत करायची, सोय असेल तर तिथेही विचारा. उभं स्टँड घ्याच, मनगटांचा प्रश्न त्यानं सुटेल. आणि एका डोळ्यानं सरळ रेषा वाकडी दिसायला लागली किंवा पुसटपणा एकदम वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पुस्तकांचं नंतर बघता येईल.

पानकिडा

मालकीचं राहिलं होतं. किंडलच्या दुकानातून आपण पुस्तक घेत नाही, वाचायचा परवाना घेतो. 2009 साली अ‍ॅमेझॉननं ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या, कारण ज्यानं त्या दुकानात टाकल्या त्याच्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, माफीही मागितली, पण विकलेलं पुस्तक लांबून काढून घेता येतं हे त्या वेळी सगळ्यांना दिसलं. फेब्रुवारी 2025 पासून विकत घेतलेली फाइल संगणकावर उतरवून ठेवायची सोयही त्यांनी बंद केली. म्हणून मी स्वतःपुरता नियम केलाय: एकदा वाचायचं ते ई-पुस्तक, घरात राहायला हवं ते कागदावर.

फुकटात आणि कायदेशीर खूप काही आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तक मुक्त होतं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, हरिभाऊ आपटे आणि गडकरी 1919 मध्ये. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथांच्या संकेतस्थळावर जे टंकलेलं आहे ते ईपब म्हणून उतरवता येतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, पण बरीचशी पीडीएफ.

मकरपुरा

ताई, मीही बडोद्याचा. आमच्याकडे आईसाठी दहा इंची टॅब आणि ऐकायला स्टोरीटेल हे बोलत्या पुस्तकांचं अ‍ॅप असं चालतं. सकाळी ऐकते, दुपारी वाचते. डोळे थकले की ऐकायचं, त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही. निवेदक चांगला हवा, एवढंच.

पुस्तकं द्यायचीच झाली तर रद्दीवाल्याकडे नेण्याआधी विद्यापीठाच्या मराठी विभागात विचारा. आधी यादी दाखवा, पोती घेऊन जाऊ नका. कुणालाही सगळंच घेता येत नाही. आणि मुलाचं म्हणाल तर, कपाट कुठे ठेवता त्यावर बरंच अवलंबून आहे. नव्या फ्लॅटमध्ये लोक पुस्तकं बेडरूमच्या माळ्यावर टाकतात. तिथे ती नसल्यातच जमा.

बडोदेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही उपकरणं मिळाली. शेजारच्या मुलीचं किंडल आणि भाच्याचा मोठा टॅब. दुपारी सासूबाईंच्या खुर्चीशेजारी दोन्ही ठेवली, तीच कथा दोन्हीवर उघडून.

किंडल हातात हलकं लागलं, ते त्यांना आवडलं. पण अक्षर त्यांच्यापुरतं मोठं केलं की एका ओळीत तीन-चारच शब्द मावतात, आणि सारखं पान उलटायला लागतं. टॅबवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं केली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, वाचतच राहिल्या. मध्ये एकदा फक्त "याला खूण कशी घालायची?" एवढं विचारलं.

त्यामुळे आमच्याकडे ई-रीडर येत नाहीये. स्टँडसकट टॅब येतोय, त्यावर किंडल आणि बुकगंगा दोन्ही अ‍ॅपं चालतील आणि पीडीएफही मोठ्या दिसतील. यादीतली बरीच पुस्तकं ई-रूपात सापडली. डॉक्टरांची पुढची वेळ घेतली आहे, लो व्हिजनबद्दलही विचारणार आहे.

पुस्तकांचं असं ठरलं की हॉलमध्ये दाराजवळ एक उघडं कपाट, काच न लावता. त्यात काय राहायचं ते सासूबाई ठरवणार. खालचे दोन कप्पे मुलाचे. नणंद पुढच्या आठवड्यात येतेय, बाबांची निवडक पुस्तकं ती मुंबईला नेईल. बाकीच्यांची यादी करून विद्यापीठात विचारते.

आता एकच मदत हवी आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला झेपतील अशी, टाइप मोठा आणि चित्रं चांगली असलेली, छापील मराठी पुस्तकं सुचवा. गोष्टींची हवीत, विज्ञानाचीही चालतील. नणंद येताना घेऊन येईल, म्हणून रविवारपर्यंत नावं मिळाली तर बरं होईल.