१० टक्के नेमके कशाचे?
"एकूण खर्चाच्या १० टक्के रक्कम बाजूला ठेवा" असं घरच्या पार्टीतल्या ऐनवेळच्या खर्चाबद्दल या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. ठीक आहे, पण आमच्याकडे पार्टीला २० जण धरले होते आणि आले २६. म्हणजे माणसंच ३० टक्क्यांनी वाढली! तेव्हापासून मी टक्के सोडून डोकी मोजते. जेवण, पेयं, प्लेट-ग्लास हे माणसागणिक वाढतं, तिथे चार-पाच जणांची जास्तीची सोय धरायची. सजावट किंवा स्पीकरचं भाडं काही वाढत नाही, तिथे राखीव कशाला?

पार्टी संपतानाच्या आणि नंतरच्या खर्चाबद्दल मात्र अजून कुणीच बोललेलं नाही. त्या रात्री सगळ्यांनी हौसेने आपापल्या प्लेटा सिंकमध्ये विसळल्या (मला मेलीला कौतुकच वाटत होतं), आणि साडेअकराला पाणी खाली जाईना. प्लंबरने अवेळी यायचे वेगळे पैसे घेतले. भाड्याने आणलेले दोन ग्लास फुटले, ते डिपॉझिटमधून कापले गेले. सोफ्याचं कव्हर ड्रायक्लीनिंगला गेलं ते निराळंच. आता राखीव पैशांतला अर्धा भाग पाहुणे जाईपर्यंत कपाटातून काढतच नाही, नाहीतर ऐनवेळी बर्फ आणि कोल्ड्रिंकवरच सगळे उडतात.