सल्ला हवा आहे : रानात तग धरण्याविषयीचे चित्रपट, पुस्तके आणि मालिका

पेठकर

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या तालीम मंडळाची चौदा ते वीस वयोगटातील मुले-मुली दर वर्षी आषाढात पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती करतात. या वर्षी निघण्यापूर्वीचे काही शनिवार तालमीच्या वरच्या खोलीत पडदा लावून चित्रपट दाखवावेत, शेजारी पुस्तकांचे एक कपाट ठेवावे आणि त्यावर मुलांशी बोलावे, असे ठरले आहे. विषय आहे, माणूस रानात, डोंगरात किंवा बर्फात एकटा सापडला तर तो कसा तगतो.

आमची अडचण अशी की मुलांनी या विषयातले जे काही पाहिले आहे ते बहुतेक दूरचित्रवाणीवरचे आहे. त्यामुळे स्वतःचे मूत्र पिणे, किडे खाणे आणि कड्यावरून उडी मारणे म्हणजेच रानातले कौशल्य, अशी त्यांची समजूत झाली आहे. थरार असावा, त्याला आमची हरकत नाही; परंतु पाहून झाल्यावर विचार करण्यासारखे काही उरावे. इंग्रजी वाचणारी मुले थोडी आहेत, म्हणून मराठी पुस्तके सुचवल्यास अधिक बरे.

पाणवाट

एकच चित्रपट दाखवता येणार असेल तर अकिरा कुरोसावा यांचा १९७५ चा 'डेर्सू उझाला' दाखवा. रशियाच्या अतिपूर्वेकडील अरण्यात मोजणीसाठी गेलेला एक लष्करी अधिकारी आणि त्याला भेटलेला एक वृद्ध शिकारी यांची ही कथा असून ती व्लादिमीर आर्सेन्येव्ह यांच्या प्रवासवर्णनावर आधारलेली आहे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्करही मिळाले होते. गोठलेल्या सरोवरावर ते दोघे वाट चुकतात, वारा सुटतो, सूर्य मावळायला थोडाच अवकाश राहतो आणि डेर्सू अधिकाऱ्याला जीव तोडून गवत कापायला लावतो. तेथे विस्तव नाही, शिकार नाही, कोणतीही करामत नाही. अंधार पडण्यापूर्वी अंगावर पुरेसे गवत जमले तर माणूस वाचेल, एवढाच हिशेब आहे. अंगाची ऊब ही अन्नापेक्षा कितीतरी आधी लागणारी गोष्ट आहे, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे दृश्य मला आठवत नाही. एका रिकाम्या झोपडीतून निघताना तो पुढे कधीतरी येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आगपेटी, मीठ आणि तांदूळ ठेवायला सांगतो. त्या प्रसंगावर मुलांशी अवश्य बोला.

त्याच्या जोडीला जॅक लंडन यांची 'टू बिल्ड अ फायर' ही १९०८ ची कथा कोणीतरी मराठीत सांगावी. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात उणे पंचाहत्तर अंश फॅरनहाइट तापमानात एक माणूस कुत्र्यासह निघतो. इतक्या थंडीत एकट्याने प्रवास करू नये, हा जाणत्या माणसाचा सल्ला त्याने हसण्यावारी नेलेला असतो. पुढे पाय पाण्यात भिजतात म्हणून तो विस्तव पेटवतो, परंतु बर्फाने लगडलेल्या झाडाखाली, आणि फांदीवरचा बर्फ कोसळून विस्तव विझतो. आग पेटवता येणे आणि ती कोठे पेटवावी हे कळणे यांत केवढे अंतर आहे, ते या कथेत दिसते. आपल्या मुलांना नेमके हेच अंतर कळायला हवे आहे, असे मला वाटते.

डॅनी बॉयल यांचा '१२७ अवर्स' मोठ्या मुलांनाच दाखवा. अ‍ॅरन राल्स्टन हा गिर्यारोहक २००३ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातील एका अरुंद घळीत हात दगडाखाली अडकून पाच दिवस पडून होता आणि शेवटी स्वतःचा हात कापून सुटला. सर्वांना तो हात आठवतो. परंतु आपण कोठे जात आहोत हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते, ही गोष्ट चर्चेत आणणे आपले काम आहे.

कारवी

पाणवाट यांची निवड उत्तम आहे. मात्र पावसाळी संध्याकाळी अडीच तासांचा संथ रशियन चित्रपट लावल्यावर पंधरा वर्षांची मुले जागी राहतील का, याची मला शंका आहे. माझ्या मते सुरुवात 'मंजुम्मल बॉईज' या २०२४ च्या मल्याळम चित्रपटाने करावी. केरळमधून कोडाईकनालला गेलेले मित्र २००६ मध्ये बंदी असलेल्या गुणा गुहेत शिरले आणि त्यांच्यातील एक जण खोल विवरात पडला, ही सत्य घटना त्यात आहे. कठडा ओलांडून आत जाण्याचा तो उत्साह आपल्या मुलांना अगदी ओळखीचा वाटेल. शेवटी मित्रांपैकीच एक जण दोराने खाली उतरतो. मात्र त्या दोराला वर धरून ठेवणारे बाकीचे मित्र असतात आणि सुटका सगळ्यांनी मिळून झालेली असते, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

'सोसायटी ऑफ द स्नो' हा २०२३ चा चित्रपटही त्याच कारणासाठी महत्त्वाचा आहे. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी अँडीज पर्वतात कोसळलेल्या उरुग्वेच्या विमानात ४५ जण होते आणि ७२ दिवसांनंतर त्यांतील १६ जण जिवंत परत आले. मृत सहप्रवाशांचे मांस खाऊन ते जगले, त्यामुळे धाकट्या मुलांना तो दाखवू नये. परंतु आसनांच्या पत्र्यावर बर्फ वितळवून पाणी करणे आणि विमानातील उष्णतारोधक कापड शिवून झोपण्याची पिशवी तयार करणे, ही कामे त्यांनी वाटून घेतली होती. मुलांना त्याबद्दल निदान सांगावे तरी.

मालिकांपैकी बेअर ग्रिल्स यांच्या कार्यक्रमाला मी विरोध करणार नाही, कारण अनेक मुलांची रानाकडे पहिली नजर त्यामुळेच वळली आहे. परंतु 'मॅन व्हर्सेस वाइल्ड'च्या काही भागांच्या चित्रीकरणात रात्रीचा मुक्काम हॉटेलात होत असे, हे २००७ मध्ये उघड झाले होते. मुलांना ते सांगूनच दाखवावा. त्याउलट लेस स्ट्राउड यांच्या 'सर्व्हायव्हरमॅन'मध्ये चित्रीकरणाचे पथकच नसते. ते कॅमेरे स्वतः वाहतात, स्वतः लावतात आणि कित्येकदा दिवसभर धडपडूनही त्यांच्या हाती काही लागत नाही. त्या निष्फळ दिवसांमुळेच तो कार्यक्रम खरा वाटतो. 'अलोन' ही मालिका तर मला सर्वांत आवडते. दहा जणांना निवडक दहा वस्तूंसह वेगवेगळ्या ठिकाणी सोडतात, चित्रीकरण ज्याचे त्याने करायचे आणि जो शेवटपर्यंत थांबेल तो जिंकतो. धडधाकट, हत्यारांत तरबेज माणसे घराच्या आठवणीने माघार घेतात आणि कमी हालचाल करून, अन्न जपून वापरणारी माणसे टिकतात.

पेठकर

दोघांचेही आभार. 'इन्टू द वाइल्ड' दाखवावा की नाही, यावर आमच्यात वाद आहे. दुसरे असे की रानात वाट चुकल्यास पाण्याच्या प्रवाहाबरोबर खाली जावे म्हणजे वस्ती लागते, असे एका मुलाने कोठेतरी पाहिले आहे आणि आता तो सर्वांना तेच सांगत असतो. हे आपल्याकडे लागू पडते का?

घाटमाथा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते जिवाशी संबंधित आहे. हा उपाय युलियाने क्योप्के हिच्या कथेमुळे जगभर पसरला. डिसेंबर १९७१ मध्ये पेरूच्या अरण्यावर विमान फुटल्यानंतर ही सतरा वर्षांची मुलगी आसनासह खाली पडली, वाचली आणि ओढ्याच्या काठाने चालत अकराव्या दिवशी माणसांपर्यंत पोहोचली. वेर्नर हेर्झोग यांनी तिच्यावर केलेला 'विंग्ज ऑफ होप' हा माहितीपट दाखवण्याजोगा आहे. परंतु ती मुलगी आईवडिलांच्या संशोधन केंद्रामुळे त्या अरण्यात राहिलेली होती, आणि तेथील भूभाग सपाट आहे. आपल्या सह्याद्रीत पूर्वेच्या उतारावरचा ओढा तुम्हाला कदाचित एखाद्या वाडीवर नेईलही. परंतु घाटमाथ्याच्या पश्चिम धारेवर, म्हणजे आंबा, रांगणा किंवा दाजीपूरच्या कोकणाकडील अंगाला, तोच ओढा थोड्या अंतरावर शेकडो फुटांच्या कड्यावरून कोसळतो. कातळावर शेवाळ, समोर धुके आणि मागे परत चढता न येणारी घसरण, अशा जागी माणूस अडकला तर त्याला शोधणेही कठीण जाते. वरच्या अंगाला पाऊस झाला की कोरडी घळ पाहता पाहता भरते, ते वेगळेच. म्हणून आपल्याकडे वाट चुकल्याचे कळताच थांबावे, शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यावे, ढोरवाटांना फसू नये आणि तेही जमत नसेल तर उघड्या, सुरक्षित जागी एकत्र बसून शिट्टी वाजवत राहावे. त्या मुलाला क्योप्केची कथा सांगू द्या. फक्त तिच्याखाली कोणती जमीन होती तेही त्याने सांगावे.

'इन्टू द वाइल्ड' दाखवाच, परंतु त्याआधी जॉन क्राकाउर यांचे १९९६ चे मूळ पुस्तक तुमच्यापैकी एकाने वाचलेले असावे. चित्रपट फार सुंदर आहे आणि तीच त्याची अडचण आहे. ज्याची ही सत्यकथा आहे तो तरुण, ख्रिस मॅकँडलेस, एप्रिल १९९२ मध्ये गोठलेली टेक्लानिका नदी ओलांडून अलास्काच्या रानात गेला; जुलैमध्ये परतू लागला तेव्हा बर्फ वितळून नदीला पूर आला होता आणि तो मागे फिरला. नदीच्या खालच्या अंगाला मैलाच्या आतच तारेवरून पलीकडे जाण्याची सोय होती. त्याच्याजवळ चांगला नकाशा नव्हता. रानातल्या ज्या पडीक बसमध्ये तो राहिला आणि शेवटी मरण पावला, ती पाहण्यासाठी पुढे जाणाऱ्यांपैकी काही जण त्याच नदीत बुडाले आणि अखेरीस २०२० मध्ये हेलिकॉप्टरने बस उचलून न्यावी लागली. कोरड्या दिवसांत सहज ओलांडलेला ओढा आषाढात कसा होतो, हे पन्हाळा-पावनखिंडीच्या वाटेवरील मुलांना वेगळे समजावण्याची गरज नाही.

जुना वाचक

मराठी पुस्तकांविषयी लिहितो. आपल्याकडे 'जगून दाखवले' या थाटाची पुस्तके कमी आहेत. रान वाचायला शिकवणारी मात्र पुष्कळ आहेत आणि मला तीच अधिक मोलाची वाटतात. वनाधिकारी म्हणून आयुष्य जंगलात घालवलेले मारुती चितमपल्ली गेल्या वर्षी, म्हणजे जून २०२५ मध्ये, गेले. त्यांचे 'रानवाटा' आणि 'जंगलाचं देणं' मुलांना द्या आणि मोठ्यांसाठी 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र ठेवा. व्यंकटेश माडगूळकर यांचे 'नागझिरा' आकाराने लहान असल्याने न वाचणारा मुलगाही ते पुरे करतो. कृष्णमेघ कुंटे यांचे 'एका रानवेड्याची शोधयात्रा' तर याच वयासाठी आहे, कारण लेखक मदुमलाईच्या जंगलात गेला तेव्हा तो स्वतःही तरुण होता आणि तेथील स्थानिक माणसांकडून शिकत होता. जिम कॉर्बेट यांचे नाव काढले की सर्वजण नरभक्षक वाघांकडे वळतात, परंतु तुमच्या कामाचे त्यांचे पुस्तक १९५३ चे 'जंगल लोअर' आहे. वानर आणि चितळ यांच्या इशाऱ्यांवरून न दिसणारा प्राणी कसा ओळखावा, हे त्यात आहे. गो. नी. दांडेकर यांचा 'माचीवरला बुधा' मुंबई सोडून राजमाचीवर जाऊन राहतो. त्यात संकट नाही, पण माणूस डोंगराशी जुळवून कसा घेतो ते आहे.

इंग्रजी वाचू शकणाऱ्या मुलांसाठी गॅरी पॉलसन यांची 'हॅचेट' ही १९८७ ची कादंबरी ठेवा. विमानाचा चालक हृदयविकाराने मरतो आणि तेरा वर्षांचा ब्रायन एका कुऱ्हाडीनिशी कॅनडाच्या रानात उरतो. पाण्यात मासा दिसतो तेथे तो नसतो, हे विज्ञानाच्या तासाला शिकलेले त्याला भुकेपोटी नव्याने उमजते, तो भाग मोठ्याने वाचून दाखवा. या पुस्तकांपैकी मराठी बहुतेक करवीर नगर वाचन मंदिरात मिळावीत.

आणि एक सूचना, जिला पुस्तक लागत नाही. शाहूवाडी-राधानगरीच्या धनगरवाड्यांवर अजून अशी वृद्ध माणसे आहेत, जी पावसात घोंगडे कसे पांघरायचे, ओले सरपण कसे पेटवायचे आणि कोणता कंद उकडल्याशिवाय खायचा नाही, हे जाणतात. २०२३ मध्ये कोलंबियाच्या अरण्यात विमान कोसळल्यावर चार भावंडे चाळीस दिवस तगली, त्यांतील सर्वांत मोठी मुलगी तेरा वर्षांची होती. रानातले काय खावे हे तिला घरच्या वडीलधाऱ्यांनी शिकवले होते. तुमच्या एका शनिवारी पडदा न लावता अशा एखाद्या आजोबांना मानाने बोलवा.

कारवी

राहून गेलेली एक बाब. सर्पदंशाच्या जागी चिरा देऊन विष चोखणे अनेक चित्रपटांत दिसते. ते पूर्णपणे चुकीचे आहे, असे प्रत्येक वेळी थांबून सांगावे. दंश झालेला भाग हलू न देता, माणसाला धीर देऊन, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात शक्य तितक्या लवकर पोहोचवणे एवढेच करायचे असते. मूत्र पिण्याबाबतही तेच, त्यातील क्षारांमुळे शरीरातील पाणी आणखी कमी होते. आपल्या वाटेवरचा खरा धोका मसाई पठारावरचा वारा आणि भिजलेले सुती कपडे हा आहे. थरथरणारा मुलगा अचानक शांत होऊन असंबद्ध बोलू लागला तर त्याला चालवत नेऊ नका. आडोशाला घेऊन कोरडे कपडे घाला.

पाणवाट

आणि कुऱ्हाड घेऊन निवारा बांधण्याचा उत्साह कोणाला आला तर त्याला अडवा. राधानगरी अभयारण्यात झाड तोडणे किंवा विस्तव पेटवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. हाताने काही करून पाहायचे असेल तर कोणाच्या तरी शेतात, मालकाला विचारून, ताडपत्री आणि दोरी घेऊन करावे. त्यासाठी जॉन प्लँट या ऑस्ट्रेलियन गृहस्थांची 'प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी' ही यूट्यूब वाहिनी दाखवा. ते चित्रफितीत एक शब्दही बोलत नाहीत, त्यामुळे भाषेची अडचणच येत नाही.

पेठकर

पहिल्या शनिवारी 'मंजुम्मल बॉईज' आणि दुसऱ्या शनिवारी, कारवीताईंची शंका मान्य करून, 'डेर्सू उझाला'तील केवळ सरोवराचा आणि झोपडीचा भाग दाखवू. ज्यांना पुढे पाहायचे आहे ते थांबतील. धनगरवाड्यावरील आजोबांसाठी पांढरपाण्याकडच्या एका मित्राला निरोप धाडला आहे. 'जंगल लोअर'चा मराठी अनुवाद कोणाच्या संग्रही असल्यास महिनाभरासाठी द्यावा. नेण्या-आणण्याची व्यवस्था मंडळ करील आणि पुस्तकाला वेष्टनही घालून देऊ.