पर्जन्यछायेतील गावाने हवामानबदलाच्या कामाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न – माळरान

आमचे गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. शिवार सुमारे ८०० हेक्टर, लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास आणि सरासरी पाऊस ४५० मिलिमीटर धरला जातो. मात्र अलीकडे तो चार-पाच मोठ्या सरींतच पडून जातो. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. येत्या ग्रामसभेपुढे ‘माझी वसुंधरा’ या राज्य शासनाच्या पर्यावरण अभियानाचा विषय आहे. तरुण मंडळींना वृक्षलागवड हवी आहे, बागायतदारांना सौरपंप, तर महिला बचत गटांना पिण्याच्या पाण्याची शाश्वती हवी आहे. पैसा खर्च करण्यापूर्वी कोणती माहिती आणि मदत गावाला जवळपास मिळू शकते, आणि पहिले काम कोणते घ्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर – चर_आणि_बांध

मृद्संधारणाच्या कामात माझी नोकरी झाली, त्या अनुभवावरून सांगतो की पहिले काम पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पडणारे पाणी आणि लागणारे पाणी यांचा हिशेब, हेच असावे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. या हिशेबाने तुमच्या शिवारात वर्षाला सुमारे ३६० कोटी लिटर पाणी पडते. माणशी रोज ५५ लिटर धरले तर दीड हजार लोकांची वर्षाची गरज तीन कोटी लिटरच्या आसपास येते, म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या एक टक्क्याहूनही कमी. आता दुसरी बाजू पाहा: एका हेक्टर उसाला हंगामभर साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते. दीड हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी यांचा आकडा सारखाच येतो, हे ग्रामसभेत फळ्यावर मांडून दाखवावे. त्यानंतर चर्चा कोणत्या दिशेने जाते ते तुम्हीच अनुभवाल.

पावसाची नोंद महसूल मंडळातील ‘महावेध’ या हवामान प्रकल्पाच्या स्वयंचलित केंद्रावरून मिळते, परंतु ते केंद्र काही किलोमीटर दूर असू शकते आणि वळवाचा पाऊस शिवारागणिक बदलतो, म्हणून शाळेच्या आवारात एक साधा पर्जन्यमापक बसवून मुलांकडून रोजची नोंद ठेवून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे निरीक्षण विहिरींच्या पातळ्या असतात. तुमच्या पाणलोटातील विहिरीची जुनी आकडेवारी ग्रामपंचायतीच्या पत्राने मागावी. पेरणीची गावनिहाय माहिती कृषी सहायकाकडे असते.

तुमच्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने हेच केले. दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून तेथील ग्रामसभा रब्बीत काय घ्यायचे ते ठरवते, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास मनाई आहे आणि ऊस व केळी ही पिके गावाने स्वतःहून वर्ज्य केली. लोक तेथे बंधारे पाहायला जातात, पण पाहायला हवा तो ग्रामसभेचा ठराव. सलग समतल चर (उतारावर समान उंचीच्या रेषेत खोदलेले चर) आणि चराईबंदी यांचा फायदा टिकला तो या बंधनांमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर – गावठाण_सौर

ताळेबंदाला माझा विरोध नाही, तथापि गावाला उत्पन्नही हवे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत शेतीपंपांसाठीचा सौर वीज प्रकल्प उभा राहतो तिला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. घरांसाठी ‘सूर्यघर’ योजनेत छतावरील तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. गायरानाची जागा द्यायची असेल तर मात्र ज्यांची जनावरे तेथे चरतात त्यांना आधी विश्वासात घ्यावे. बहुतेक वेळा हे कुटुंब भूमिहीन असते आणि ग्रामसभेत शेवटच्या रांगेत बसते.

उत्तर – चर_आणि_बांध

घरावरील संचाबद्दल दुमत नाही. सौरपंपाबद्दल मात्र सावध राहावे. शेतकऱ्याला दहा टक्के हिस्सा भरून पंप मिळतो, आणि त्यानंतर पाणी उपसण्याला विजेचे बिलही नाही, भारनियमनही नाही. आपल्याकडचा काळा कातळ पाणी फारसे साठवत नाही. साठा असतो तो वरच्या मुरुमाच्या आणि भेगांच्या थरात. सूर्य आहे तोवर उपसा चालू राहिला तर तो थर फेब्रुवारीतच कोरडा पडतो. म्हणून पंपाचा अर्ज आणि ठिबकाची अट एकत्र ठेवावी. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, ते ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

माळरान

मनःपूर्वक आभार. वृक्षलागवडीचा आग्रह कसा हाताळावा? आणि आर्थिक तरतूद कोणत्या लेखाशीर्षातून करावी?

उत्तर – नोंदवही

मी दुसऱ्या तालुक्यात ग्रामपंचायतीचे काम पाहते. झाडे लावावीत, पण चर खोदून झाल्यावर त्यांच्या भरावावर, आणि हिवर, बोर, कडुनिंब, खैर अशी. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार हे नावानिशी ठरल्याशिवाय खड्डे खोदू नयेत. अभियानात गुण मिळतात म्हणून जगणार नाहीत इतकी रोपे लावण्याचा मोह टाळावा.

पैशाबाबत सांगायचे तर चर, बांधबंदिस्ती आणि विहीर पुनर्भरण ही कामे रोजगार हमीत बसतात, आणि गाळ काढण्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. यांपैकी काहीही ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर पंचायत समितीत फाईल पुढे सरकत नाही. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे गट क्रमांकानिशी कामांची यादी आणि ताळेबंदाचा तक्ता हे दोन्ही त्या वेळच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडावेत, आणि ठरावाची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी.