दारं धरायला कोण कोण गेलंय? – फाल्गुन-चैत्रातले शेतावरचे दिवस

खोडवा
परवा रात्री सोसायटीची लाईट गेली ती अडीचच्या सुमारास आली. फ्रीज घुर्र करून सुरू झाला आणि मी अर्धवट झोपेत उठून पायानं चपला चाचपायला लागलो. बायको म्हणाली, "कुठं निघालाय?" मी म्हटलं, "दारं धरायला." पुण्यात येऊन एकोणीस वर्षं झाली. फ्रीज मला मोटर वाटला.

गाव कराडच्या खाली, कृष्णाकाठ. मोटरीला एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. फाल्गुन संपत आला की उन्हानं रान असं ओढायचं की रात्रीची पाळी चुकवून चालायचंच नाही. दादा मोटरीपाशी, अण्णा वरच्या बांधाला आणि मी खालच्या टोकाला बॅटरी घेऊन. सरीचं पाणी शेवटपर्यंत पोचलं की मी बॅटरी दोनदा उघडझाप करायची, मग अण्णा खोऱ्यानं दारं मोडून पाणी पुढच्या सरीत घालायचे. पाय गुडघ्यापर्यंत गार चिखलात आणि डोक्यावर मात्र उन्हाळ्याचं आभाळ. शेजारच्या आंब्याच्या मोहोराचा वास यायचा, तो आता कुठल्या बाटलीत मिळत नाही.

एका रात्री बांधाला टेकलो आणि डोळा लागला. पाणी शेजारच्या नानांच्या काढणीला आलेल्या गव्हात गेलं. सकाळी नाना आले, ओल्या गव्हाची एक पेंढी आमच्या दारात ठेवली आणि काही न बोलता निघून गेले. अण्णाही मला काही बोलले नाहीत. मळणीला आमच्यातली दोन पोती नानांच्या खळ्यावर गेली एवढंच मी बघितलं. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

तुमचंही लिहा. या दिवसांतलं काहीही चालेल.

लोकलचा_प्रवासी
दारं धरायची म्हणजे काय? रात्रभर दार धरून का बसायचं, चोर येतात का? (जन्मापासून डोंबिवलीकर आहे, हसू नका.)

माणदेशी
हसलो. माफ करा. दारं म्हणजे पाटातनं सरीत पाणी सोडायचं तोंड. मातीचंच असतंय. खोऱ्यानं उघडायचं, खोऱ्यानं बुजवायचं.
आमच्याकडं दारं धरायला आधी पाणी पायजे. आमचा शाळू, रब्बीची ज्वारी. थंडीच्या दवावर येतो आणि फाल्गुनात उपटायला लागतो. कापायचा नाही, मुळासकट उपटायचा. पहिल्या दिवशी हाताला फोड, दुसऱ्या दिवशी फोड फुटतो, तिसऱ्या दिवशी काही वाटत नाही. सगळी भावकी सावडीनं यायची, आज तुमच्यात उद्या आमच्यात. आय पाटीत भाकरी, वांग्याचं कालवण आणि कांदा घेऊन यायची. कांदा बुक्कीनंच फोडायचा, विळीनं चिरला तर चव जाती असं चुलतं म्हणायचं.
मळणी मशीन आल्यावर मात्र कूस, कणसाचं बारीक टोचरं भूस. अंगभर खाज. रात्री विहिरीत उडी मारल्याशिवाय झोप नाही.
जाता जाता, कडबा कुणाकडं शिल्लक हाय का? पाच-सहाशे पेंढी पायजे. म्हसवडच्या आसपास.

हळदीची_लेक
मिरज तालुका. आमचा वसंत पिवळा, पण फुलांनी नाही.

पाला कापून रान तापत ठेवायचं, मग कुदळीनं खणायचं. बायका बसून गड्डे एकीकडं आणि हळकुंडं एकीकडं करायच्या. चुलवाण पेटवून काहिलीत हळद शिजायची, जळणाला उसाचं पाचट, वर झाकायलाही पाचट आणि गोणपाट. तो वाफेचा वास मातीसारखा, औषधासारखा, थोडा कडू. केसांतनं आठवडाभर जायचा नाही. शिजली का ते आजी ठरवायची. एक हळकुंड झाऱ्यानं काढायचं, फुंकर मारायची आणि त्यात गव्हाची काडी खुपसायची. काडी न वाकता आत गेली की म्हणायची, "उतरवा." घड्याळ नाही, काही नाही.

आजी गेली त्याच्या पुढच्या वर्षी काकांनी अंदाजानं उतरवली. वरनं झकास दिसत होती. सौद्याला व्यापाऱ्यानं एक हळकुंड कट्टकन मोडलं, आत फिकट. काकांनी तोंडातनं अवाक्षर काढलं नाही, गाडीत बसेपर्यंत. गाडीत म्हणाले, "काडी विसरलो." भाव पडल्याचं नाही, काडी विसरल्याचं वाईट वाटलं त्यांना.

आणि हो, दहावीचा पहिला पेपर. सकाळी वाळवणावर हात फिरवून तशीच गेले. वर्गावरच्या बाईंनी माझी बोटं बघितली आणि हळूच विचारलं, "लग्न ठरलंय का गं?" अख्ख्या वर्गानं ऐकलं.

खोडवा
@हळदीची_लेक काडी विसरलो... काय लिहिलंय.

लोकलचा_प्रवासी
लग्न ठरलंय का गं :)) पेपर कसा गेला?

हळदीची_लेक
मराठीचा होता, बरा गेला. लग्न नंतर झालं, यथावकाश.

पेवकर
हळदीचा विषय निघालाच आहे तर हरिपूरची पेवं कुणी बघितलीत का? कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ. जमिनीत खोल माठासारखे खड्डे, वरचं तोंड माणूस उतरेल एवढंच. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जीव घेते. लहानपणी वडील तोंडापाशी बसवायचे आणि म्हणायचे, "थांब, त्याला श्वास घेऊ दे." २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं कामातनं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय मानांकन मिळालं, पेवं मात्र मोजकीच उरलीत. आता सगळं कोल्ड स्टोरेज.

सुगरण_नव्हे
गॅसवर दूध आहे म्हणून पटकन लिहिते. चैत्र म्हणजे कुरडया!!! गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, त्याचा आंबूस वास घरभर. चौथ्या दिवशी पहाटे चारला आई, काकू आणि शेजारच्या दोघीजणी. वाटून, पिळून, गाळून, वरची निवळ ओतून टाकायची, मग खालचा पांढरा गोळा शिजवायचा. ढवळायला दोन बायका लागायच्या, एकीनं पातेलं धरायचं. आम्ही पोरं वाटी-चमचा घेऊन रांगेत. गरम चीक, त्यावर तूप आणि मीठ. आमच्या अर्ध्या घरात गूळ घालायचे, त्यांच्याशी आमचं बोलणं नव्हतं.
गच्चीवर कावळे हाकलायची ड्युटी माझी. हाकलताना मीच निम्म्या ओल्या कुरडया खायचे. दूध उतू गेलं

माणदेशी
चिकात गूळ म्हंजे पाप हाय.

वाईकडची
गूळच. आणि वर थोडं दूध. मीठवाल्यांनी धागा सोडावा.

लोकलचा_प्रवासी
आमच्याकडे कुरडया पाकिटातून येतात. चीक नावाचा पदार्थ असतो हे आज कळलं. आयुष्य वाया.

वाईकडची
बावधनचं बगाड कुणी लिहिलं नाही अजून? आमच्यात सगळी कामं बगाडाच्या आधी किंवा बगाडानंतर. मध्ये नाहीच. रंगपंचमीला सकाळपासनं दगडी चाकांचा तो गाडा आणि त्याला जुंपलेले बैल, वाटेतल्या रानातनं. ज्यांच्या पिकातनं गाडा जातो ते तक्रार करत नाहीत. आमच्या चुलत्यांचं कांद्याचं वाफं दरवर्षी मधोमध तुडवलं जायचं. म्हणायचे, नाथ बघून घेतील. कांदा मात्र पुढच्या वर्षी परत तिथंच लावायचे.

सर्जाचा_मालक
बगाड होळीला असतं ना?

वाईकडची
बगाड्या, म्हणजे बगाडाला टांगायचा माणूस, होळीला ठरतो, कौल लावून. बगाड रंगपंचमीला. भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!

सर्जाचा_मालक
बैलांवरनं आठवलं. वडलांनी खिल्लार खोंड घेतलेला, शर्यतीसाठीच. अंडी, दूध, पेंड, पोहायला नदीवर. आम्हाला दोन भावांना मिळून एक अंडं आणि सर्जाला रोज. २०१४ ला बंदी आली. वडील म्हणाले, उठंल पुढच्या वर्षी. दर पाडव्याला त्याची शिंगं रंगवायचे आणि म्हणायचे, उठंल. उठली डिसेंबर २०२१ ला. तोपर्यंत सर्जाला उठून उभं राहायला दोन माणसं लागत होती. तरी पहिल्या मैदानाला टेम्पोत घालून नेला त्याला. नुसता बघायला.

हळदीची_लेक
अरे देवा. बघताना काय केलं त्यानं?

सर्जाचा_मालक
वैरण खाल्ली.

आडसाली
सगळे गोड लिहिताय, मी जरा कडू लिहितो. आमचा मार्च म्हणजे "तोड कधी?" आसपासचे उसाचे फड मोकळे, आपला उभा. तुरं आलेलं, ऊस पोकळ व्हायला लागलेला, रोज वजन घटतंय. कारखान्याचं नाव घेत नाही. तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या घरी वडील सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. त्याच्या पोराच्या वाढदिवसाला आम्ही गेलेलो, भेटवस्तू घेऊन! टोळी आली की मुकादमाला खुशाली, ट्रॅक्टरवाल्याला एंट्रीचे पैसे, ट्रॉली रानात रुतली की ती काढायला दुसरा ट्रॅक्टर, त्याचं वेगळं.
पण टोळीतली माणसं बीडकडची, पहाटे तीनला कोयता चालू. बाई तोडतीय आणि पोरगं पाचटावर झोपलेलं. आई त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, ताक पाठवायची. पाडव्याला पुरणपोळ्या पाठवल्या तर त्यातल्या एका आजीनं आईला उसाच्या वाढ्याची वेणी घालून दिली, खुंटीला अडकवायला. पाच-सहा वर्षं घरात होती ती, वाळून काथ्यासारखी झालेली.

तासगावकर
बेदाणावाले कुणी आहे का? शेडवर बसूनच लिहितोय. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची, जाळीवर पसरायची, पुढं बारा-पंधरा दिवस देवाच्या हवाली. चार किलोला किलोभर बेदाणा पडतो. आत्ता पश्चिमेला ढग दिसतायत. तुमच्या कवितेतला वळीव आमचा माल काळा करतो. मातीचा सुगंध वगैरे लिहिणाऱ्यांना शेडवर पडदं सोडायला बोलवणार आहे.

आडसाली
आला का पाऊस?

तासगावकर
चार थेंब. गेला वाटतं विट्याकडं.

नातवाच्या_फोनवरून
मी आजोबा. टाईप नातू करतो. ७२ चा दुष्काळ आणि त्यापुढचा चैत्र. आम्ही दहिवडीकडचे. रानात काही नव्हतंच त्यामुळं शेतीची आठवण नाही. खडी फोडायला जात होतो, आई, वडील आणि मी. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, लालसर, घशाखाली जात नसे. पाडव्याला गुढी उभी केली, गाठी आणायला पैसे नव्हते म्हणून आईने दोऱ्यात गुळाचे खडे ओवले. मुंग्या लागल्या. आई म्हणाली, लागू देत, त्यांचा पण पाडवा आहे. द्वादशीला मुंगी घाटातून सासवडची कावड चढते ती बघायला शिखर शिंगणापूरला चालत गेलो. रस्ता आमच्याच खडीचा होता, पायाला टोचत होता. बस एवढेच. नातू म्हणतो जेवायला चला.

खोडवा
आजोबा, नमस्कार. नातवाला सांगा अजून लिहून घे.

सुगरण_नव्हे
दूध पुसून आले. आजोबांचं वाचून परत काही लिहावंसं वाटेना.

काळीचिमणी
रात्रीच्या पाण्याचं वाचून आले. माझ्या वडलांना तिथंच घोणस चावली. एप्रिल होता, भुईमुगाचं पाणी. तालुक्याच्या दवाखान्यात लस संपलेली, तिथनं पुढं पाठवलं. वाचले, पण उजव्या पायाची दोन बोटं गेली. पुढच्या रात्रीच्या पाळीला परत गेले, आईनं अडवलं तर म्हणाले, "लाईट माझ्या पायासाठी थांबणाराय व्हय?" गमबूट मात्र घ्यायला लावले. ते घालून लग्नालासुद्धा गेले एकदा.

माणदेशी
ताई, वडलांना नमस्कार सांगा.

काळीचिमणी
आता नाहीत दादा. गमबूट आहेत.

वाईकडची
❤ काय बोलावं.

खोडवा
दादाला फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. माझ्या गव्हाच्या गोष्टीला तो मध्येच थांबवून म्हणाला, "तू झोपलास म्हणून नाही गेलं पाणी. बांधाला घुशीचं बीळ होतं, तिथनं फुटलं. अण्णांनी दुसऱ्या दिवशी दगड घालून बुजवलं, मी होतो की दगड द्यायला." मी म्हटलं मला कसं नाही सांगितलं कुणी? तर म्हणाला, "अण्णा म्हणाले, राहू दे, परत झोपणार नाही."
तीस वर्षं. आणि आज रात्रीची लाईट आहे, ट्रान्सफॉर्मरचा डीओ फ्यूज उडालाय, वायरमनला गाठायचंय म्हणून फोन ठेवला त्यानं.

लोकलचा_प्रवासी
म्हणजे दार धरूनही चोर आलाच. घूस.

आडसाली
@माणदेशी कडबा आहे आमच्या पाव्हण्यांकडं, वडूजला. पण तीनशेच पेंढी निघेल. निरोप टाका.