मदत हवी आहे: तैलरंगातला काळा वाळेना, रविवारी फाइल द्यायची आहे

खड्गहस्त
परदेशी कार्ड गेमसाठी एक राक्षसीण रंगवतोय. काळं चिलखत, मागे मिट्ट काळोख, चेहऱ्यावर खालून मशालीचा उजेड. चेहरा आणि हात खणखणीत वाळलेत. काळा भाग मात्र अजून बोटाला लागतो, आणि जिथे वाळलाय तिथे राखाडी, मेल्यासारखा दिसतो. लवकर वाळवायचा उपाय सांगा. 'डिजिटल कर' हे सोडून. ते घरचे रोज सांगतातच.

जुनाट ब्रश
काळा कुठला? किती जाड लावलाय? तेल कुठलं? चित्र कशावर आहे? यातलं काहीच लिहिलं नाहीत, उपाय काय डोंबल सांगणार?

खड्गहस्त
काळा म्हणजे काळा, ट्यूबमधला. एमडीएफच्या फळीवर गेसोचं पांढरं अस्तर. तेल अळशीचं.

जुनाट ब्रश
ट्यूबवर नाव छापलेलं असतं हो. आयव्हरी ब्लॅक असेल तर तो मुळातच रेंगाळणारा, तेल भरपूर पितो. बर्न्ट अंबर या तपकिरीत मँगनीज असतं, म्हणून तो भराभर वाळतो. मी ट्यूबमधला काळा कधीच वापरत नाही. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन निळा मिसळायचे, त्याचा काळा जिवंतही दिसतो.

वरणफोडणी
हेअर ड्रायर मारा. आमच्या गणपतीचे रंग मी दरवर्षी असेच वाळवते, अर्ध्या तासात काम.

जुनाट ब्रश
ताई, ते पाण्यातले रंग. तैलरंगातून काही उडून जायचं नसतं. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं. ड्रायरने वर साय धरेल, आत कच्चं राहील, वर सुरकुत्या पडतील.

ठाणे_स्लो
एवढी चर्चा कशाला? काळ्यावर काळा अ‍ॅक्रिलिक फिरवा, वीस मिनिटांत मोकळे.

सांडलेली शाई
देवा! अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक नाही. पापुद्रे निघतील.

ठाणे_स्लो
माझं चित्र पाच वर्षं भिंतीवर आहे, काही निघालं नाही.

सांडलेली शाई
तुमचं भिंतीवर आहे. यांचं विकायचं असेल.

पिक्सेलपंत
डिजिटल नको म्हणालात, ठीक. पण कार्डवर ते चित्र दोन इंचांचं छापणार. त्यासाठी तेलात हात बुडवायचे? आता तर एआयच्या जमान्यात

सांडलेली शाई
@पिक्सेलपंत, तेलात काम करणाऱ्या बऱ्याच फँटसी चित्रकारांना मूळ चित्राचे पैसे वेगळे मिळतात. छपाईचे हक्क कंपनीकडे, लाकडावरचं चित्र संग्राहकाकडे. तुमची फाइल कोण भिंतीवर टांगणार? आणि रविवर्म्यानेही देवदेवता तेलातच रंगवल्या होत्या. १८९४ साली छापखाना काढला म्हणून मूळ चित्रांची किंमत काही कमी झाली नाही.

पिक्सेलपंत
रविवर्म्याला रविवारची मुदत नव्हती.

दुपारची झोप
विषय निघालाच आहे तर विचारते. आजोबांचं तैलचित्र धुराने काळवंडलंय. बटाट्याची फोड घासली तर निघतं म्हणे?

जुनाट ब्रश
अजिबात घासू नका. ओलावा भेगांत शिरतो आणि पिष्ट मागे राहून बुरशीला आमंत्रण. चित्रं दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.
खड्गहस्त, तुम्ही राहता कुठे? आणि पॅलेटवर आणखी काही घालता का?

खड्गहस्त
रत्नागिरी. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद असतात. पॅलेटवर फक्त लवंगतेलाचे थेंब. काळा जास्त लागतो, म्हणून त्यात थोडे जास्त. आठवडाभर रंग ओला राहतो, महागाची ट्यूब वाया जात नाही. त्याचा चित्राशी काय संबंध?

जुनाट ब्रश
😂 लवंगतेलातलं युजेनॉल ऑक्सिजनचं काम अडवतं. पॅलेटवर रंग ओला राहतो ना, तसाच तो फळीवरही राहणार. त्यात आयव्हरी ब्लॅक, कोंदट खोली आणि पाऊस. रविवार विसरा.

खड्गहस्त
विसरून कसं चालेल?

शटरकाका
मला एक कळत नाही. कंपनीला फळी पाठवायची आहे की फाइल?

खड्गहस्त
फाइल. शीर्षकात लिहिलंय की.

शटरकाका
मग वाळवायची घाई कुणाला? ओल्याचाच फोटो काढा, फक्त स्कॅनरवर पालथं घालू नका. दोन्ही बाजूंना एकेक एलईडी, ४५ अंशांत. दोन्ही दिव्यांपुढे पोलरायझिंग फिल्म (उजेड एकाच दिशेत गाळणारी पारदर्शक शीट), दोघींची दिशा एकच. हॅलोजन नको, फिल्म तापून वाकडी होते. मग लेन्सवरचा पोलरायझर हळूहळू फिरवा, ओल्या काळ्यावरची चकाकी मावळेल तिथे थांबा. राखाडी पडलेला भागही खोल दिसेल, कारण ते राखाडीपण वरच्यावर विखुरलेल्या उजेडाचंच असतं. सोबत रंगांची पट्टी ठेवून एक फोटो घ्या, या पद्धतीत रंग जरा भडक येतात.

जुनाट ब्रश
हे बरोबर आहे. राखाडी डागांसाठी चित्र पूर्ण वाळल्यावर तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि पुसून घ्या. आत्ता व्हार्निश नको.

ठाणे_स्लो
माझा अ‍ॅक्रिलिकचा उपाय यापेक्षा स्वस्त होता.

खड्गहस्त
@शटरकाका, फिल्म कुठे मिळते? रत्नागिरीत नाही मिळणार. मूळ चित्राला गिऱ्हाईक आहे, त्यालाही याच महिन्यात हवंय.

सांडलेली शाई
हे आत्ता सांगताय?

शटरकाका
ऑनलाइन मागवा, शुक्रवारपर्यंत येईल असं बघा. नाही आली तर तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाची तरी उत्तरेची खिडकी मागा. ढगाळ दिवशी चित्र खिडकीला काटकोनात ठेवा आणि समोर, तुमच्या मागे, काळी चादर टांगा. चकाकी पूर्ण नाही जाणार, पण चेहरा सुटेल.

वरणफोडणी
राक्षसिणीचा फोटो टाका ना इथे.

दुपारची झोप
बटाटा नाही, मग पाव चालेल का?