आईला पेम्फिगस: गोळ्यांवर राहावे की रिटक्झिमॅब घ्यावे?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा):
माझी आई ६१ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. चार महिने तिचे तोंड आलेले होते आणि आम्ही उष्णता समजून खडीसाखर-जिरेच देत राहिलो. पुढे पाठीवर फोड उठले आणि सकाळी पोलके कातडीला चिकटलेले असे, ते कोमट पाणी लावून सोडवावे लागे. बायॉप्सीत पेम्फिगस व्हल्गॅरिस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटून फोड येण्याचा आजार. रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू झाल्यापासून साखर ३०० च्या खाली येत नाही. डॉक्टरांनी स्टेरॉइडसोबत अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या) किंवा रिटक्झिमॅब (सलाइनमधून द्यायचे औषध) असे दोन मार्ग सांगितले आहेत. ज्यांच्या घरी हे दुखणे होऊन गेले, त्यांनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद १:
माझ्या पत्नीला रिटक्झिमॅब दिले, १००० मिलिग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करणारी प्रतिपिंडे ज्या बी पेशींपासून तयार होतात, त्यांनाच हे औषध कमी करते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात, हे औषध आणि काही महिनेच स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी स्टेरॉइडशिवाय पूर्ण बरे होते. केवळ स्टेरॉइडवरच्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. तुमच्या आईंची साखर पाहता मला हाच मार्ग योग्य वाटतो. मात्र गुण यायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात, तोवर प्रेडनिसोलोन मनाने मुळीच बंद करू नका. पहिल्या सलाइनला पत्नीला हुडहुडी भरली, तेव्हा परिचारिकेने धार मंद केली आणि तासाभरात थंडी ओसरली. त्याआधी क्षयाची आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी अवश्य करा, आणि त्यात कोर अँटिबॉडीही (पूर्वी होऊन गेलेल्या हिपॅटायटिस बी ची रक्तातील खूण) पाहायला सांगा, कारण दबून राहिलेला विषाणू या औषधाने पुन्हा उसळू शकतो.

प्रतिसाद २:
आमच्या वडिलांच्या वेळी दिल्लीच्या एम्समधील डॉ. पसरीचा यांची पल्स पद्धत होती: दर २८ दिवसांनी तीन दिवस रोज १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, त्यात एक दिवस प्रतिकारशक्ती दाबणारे ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड. वडील बरे झाले, पण सायक्लोफॉस्फामाइडमुळे लघवीतून रक्त जाण्याचा त्रासही त्यांनी सोसला. खर्चामुळे अ‍ॅझाथायोप्रिन निवडलेत, तर सुरुवातीला वरचेवर रक्त तपासा, कारण काही जणांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरतात. आईंना युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असल्यास तेही डॉक्टरांना आधी सांगा, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास पांढऱ्या पेशी आणखी उतरतात. पाठ फार सोलली असेल, तर केळीची पाने उकळत्या पाण्यातून काढून, निववून त्यांवर निजवा, चादरीसारखी ती जखमेला चिकटत नाहीत.

धागाकर्ती:
दोघांचीही मनापासून आभारी आहे. डॉक्टरांना विचारले, कोर अँटिबॉडीची तपासणी राहिलीच होती, ती उद्या सकाळी होईल आणि अहवाल चांगला आला तर रिटक्झिमॅबच घ्यायचे ठरले आहे. खंडेराव मार्केटातून पाने आणली, आणि काल रात्री आई बऱ्याच दिवसांनी पाठ टेकून झोपली.