व्हॉइसमेलवर 'संदेश सोडा' म्हणावं की 'निरोप ठेवा'?

माझी मामेबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, घरून डबे आणि सणाच्या ऑर्डरी घेते. गणपती जवळ आले की मोदकांसाठी फोनवर फोन, आणि हात उकडीत असताना उचलणार कोण, त्यामुळे बरेचसे व्हॉइसमेलवर जातात. फोन करणारे बहुतेक मराठी, त्यात मुलांकडे आलेले आईवडील पण खूप, म्हणून तिला ग्रीटिंग मराठीत हवंय. तिने लिहिलंय: "आपल्या कॉलसाठी धन्यवाद. आम्ही सध्या व्यस्त असल्याने आपला कॉल घेऊ शकत नाही. कृपया बीपनंतर आपला संदेश सोडा, आम्ही लवकरात लवकर आपल्याशी संपर्क साधू." चूक म्हणावी असं काही सापडत नाही पण बँकेत फोन लागल्यासारखं वाटतं. काय बदलू?

प्रतिसाद:
ताई, आधी क्रियापदं बघा. 'घेऊ शकत नाही' व्याकरणात बसतं पण घरात असं कोण बोलतं? आपल्याकडे त्यासाठी 'येणे' आहे, 'फोन उचलता येत नाहीये', तेवढ्यानेच अर्ध काम होईल. 'व्यस्त' हा या अर्थाने हिंदीतून आलाय, मराठी शाळेत व्यस्त भेटतं ते गणितातलं व्यस्त प्रमाण, म्हणजे उलटं! सरळ 'कामात आहे' म्हणा नाहीतर 'हात गुंतलेत'. आणि मराठीत बाण सोडतात, गाडी सोडतात, उपास सोडतात, निरोप मात्र ठेवतात किंवा सांगतात. 'कॉलसाठी धन्यवाद'चं 'फोन केल्याबद्दल धन्यवाद' करा, किंवा काढूनच टाका, मोदक मागणाऱ्याला आभार ऐकायची घाई नसते.

प्रतिसाद:
निरोप म्हटलं की निरोप समारंभ आठवतो हो, शिवाय गणपतीचे दिवस, बाप्पाला निरोप वगैरे. गोंधळ नाही होणार?

प्रतिसाद:
नाही होत, कारण अर्थ क्रियापद ठरवतं. निरोप घेतला म्हणजे माणूस निघाला, निरोप सांगितला किंवा ठेवला म्हणजे कळवलं. दोन्हीकडे चालतो तो फक्त 'निरोप देणे', बाप्पालाही निरोप देतात आणि शेजारच्या काकूंनाही आईचा निरोप देतात. तेवढा 'द्या' टाळायचा की झालं. 'संदेश' चुकीचा नाहीच, पण शुभेच्छा संदेश, लघुसंदेश अशा लिखाणात जास्त शोभतो.

प्रतिसाद:
मला खरी अडचण 'आपण'ची वाटते. आदराने म्हटलेलं 'आपण' आणि तू-मी मिळूनचं 'आपण' समोरासमोर लगेच कळतं, रेकॉर्डिंगमध्ये चेहरा नसतो. "ऑर्डर आपण घेऊन जायची आहे" हे ऐकून काही लोक घरी डबा येईल म्हणून वाट बघत बसतील. 'तुम्ही' म्हणा, त्यात काही अनादर नाही. आणि मामेबहीण एकटीच करत असेल तर 'आम्ही' कशाला, 'मी' म्हणू दे.

प्रतिसाद:
आता जरा धंद्याचं बोलतो, माझं केटरिंगचंच काम आहे. 'लवकरात लवकर'ने गिऱ्हाइकाला काही कळत नाही, तो पुन्हा पुन्हा फोन करतो नाहीतर दुसरीकडे ऑर्डर देतो, म्हणून नक्की वेळ सांगा. आणि काय बोलायचं तेही सांगा, नाहीतर लोक "अहो मी बोलतेय, फोन करा" एवढंच म्हणून ठेवून देतात. 'परवा'पासून तर फारच सांभाळा, मराठीत परवा कालच्या आधीचा पण आणि उद्याच्या नंतरचा पण, शिवाय शुक्रवारी ठेवलेला निरोप रविवारी ऐकला तर कुठला परवा धरायचा? तारीख मागा. 'चतुर्थीला' पण नको, अमेरिकेत तिथी भारतापेक्षा एक दिवस आधी येऊ शकते आणि कोणाच्या घरी कुठलं पंचांग बघतात काय माहीत. नंबर इंग्रजी आकड्यांत सांगतात ते चांगलंच आहे, एकोणसाठ-एकोणसत्तर फोनवर ऐकून लिहिताना भल्याभल्यांचा घोळ होतो. (2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा केवढा वाद झाला होता, पण अडचण खरी आहे.)

प्रतिसाद:
लिहिताना 'केले, सांगितले' लिहिलं तरी रेकॉर्ड करताना 'केलं, सांगितलं'च म्हणा. वाचून दाखवलेलं लगेच ओळखू येतं, कागद बाजूला ठेवून बोललेलं चांगलं. आणि बीप वाजला की वाजली यात पडूच नका, 'बीप वाजल्यावर' म्हटलं की सुटला प्रश्न.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं केलंय: "नमस्कार, फोन केल्याबद्दल धन्यवाद. आत्ता स्वयंपाकात हात गुंतलेत म्हणून फोन उचलता येत नाहीये. बीप वाजल्यावर तुमचं नाव, किती मोदक हवेत, कुठल्या तारखेला हवेत ते सांगून ठेवा आणि नंबर दोनदा सांगा. मी आज संध्याकाळी 7 नंतर तुम्हाला फोन करते."

प्रतिसाद:
छान झालंय. फक्त सुरुवातीला डब्यांचं नाव घाला, फोन बरोबर लागला की नाही ते आधी कळू दे. आणि 'आज' काढा, रात्री 10 ला फोन करणाऱ्याला ते लागू पडत नाही. "मी रोज संध्याकाळी 7 ते 9 फोन करते" असं ठेवा.